खोलीचं कुलूप काढा : आमच्या मंडळीच्या पंचकमिटीस खुलं पत्र

आदरणीय पाळकसाहेब आणि पंचकमिटीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम सलाम.

गेल्या महिन्यात एका रविवारी चर्चमधल्या उपासनेच्या शेवटी सूचना झाल्या, त्यात तीन ओळी होत्या. हॉलच्या मागची खोली दुरुस्तीसाठी बंद होत आहे. तिथलं सामान हलवण्यात येईल. यापुढे मंडळीचं दयेचं काम वार्षिक देणगीच्या रूपाने होईल. मग शेवटचं गीत झालं, आशीर्वाद झाला आणि आपण सगळे बाहेर पडलो.

मंगळवारी सकाळी साडेसहाला निवडलेले तांदूळ आणि मुगाची डाळ घेऊन मी खोलीवर गेले, तर दाराला नवं कुलूप. तोप आत, शेगडी आत, डबे आत. त्या दिवशी आम्ही चौघींनी माझ्या घरी खिचडी टाकली. दोन बर्नरचा गॅस आणि घरातले कुकर. दवाखान्यातल्या पेशंटसोबत आलेल्या माणसांसाठी नेहमीच्या चाळीसऐवजी सोळाच डबे भरले. ज्यांना डबा मिळाला नाही त्यांना काय सांगावं हे डबे पोचवणाऱ्या आपल्या तरुण संघातल्या मुलाला सुचेना. तो म्हणाला, ‘आज गॅस संपला.’ परत आल्यावर त्यानेच मला हे सांगितलं, मान खाली घालून. आपल्या मंडळीच्या वतीने एका एकवीस वर्षांच्या मुलाला खोटं बोलावं लागलं, ही गोष्ट मला सगळ्यात आधी तुमच्या कानावर घालायची आहे.

यानंतर मी तुम्हाला दोन पत्रं दिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची तीही मिळाली नाही. सर्वसाधारण सभेत हा विषय घ्यावा अशी विनंती केली, तर विषयपत्रिका छापून झाली आहे असं उत्तर आलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर का आणली, असं आता काही जण विचारतील. त्याचं कारण सांगते. ज्यांच्यासाठी ती खोली होती त्यांना आपल्या सभेत मत नाही. ते मोखाड्याहून येतात, शहापूर-मुरबाडहून येतात, भिवंडीच्या यंत्रमागांवरून येतात. आपल्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. शिवाय त्या खोलीत राबणाऱ्यांपैकी निम्मी माणसं आपल्या मंडळीची नाहीतच. राबोडीतला एक भाजीवाला दर सोमवारी रात्री उरलेला दुधी आणि भोपळा आणून ठेवतो. नौपाड्यातल्या एक निवृत्त शिक्षिका अकरा वर्षं डबे भरायला येतात. निर्णय झाला तो त्यांच्याही कामाबद्दल झाला, आणि त्यांना तो कुलूप बघून कळला.

मी बोलते आहे ती कोण, हे नव्या सभासदांना ठाऊक नसेल. माझे वडील नगर जिल्ह्यातल्या नेवाशाकडचे. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत इथे ठाण्यात वागळे इस्टेटला उभी राहिली. त्यानंतर चार-पाच वर्षांत वडील तिथे फिटर म्हणून लागले. आपल्या मंडळीचा पाया घालणारी बहुतेक घरं अशीच घाटावरून आलेली होती. 1972 च्या दुष्काळात गावाकडून एकेक नातेवाईक यायला लागला, तेव्हा आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत रात्री अकरा माणसं झोपत. पुढे वडिलांच्या कारखान्यात टाळेबंदी झाली. सहा महिने घरात पगार आला नाही. चेंदणी कोळीवाड्यातली एक मासेवाली मावशी त्या सहा महिन्यांत दर शुक्रवारी आईच्या हातात मांदेलीचा वाटा ठेवून जायची आणि म्हणायची, हिशेब मागाहून करू. तो हिशेब तिने कधी केला नाही. आमचा धर्म तिला माहीत होता, आणि शुक्रवारचं तिच्या घरीही काही उरत नसे हे आईला माहीत होतं.

मी पुढे नर्सिंग केलं आणि तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नोकरी केली. त्यामुळे वॉर्डाच्या दाराबाहेर काय चालतं हे मला ऐकून माहीत नाही, मी ते पाहिलं आहे. पेशंटला आत जेवण मिळतं. त्याच्यासोबत आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. पहिले दोन दिवस गावाहून आणलेल्या भाकरी पुरतात. तिसऱ्या दिवशी वडापाव, चौथ्या दिवशी चहा-बिस्किट, आणि पाचव्या दिवशी ती बाई पेशंटच्या ताटातलं उरलेलं खाते. आम्ही सिस्टर लोक बघून न बघितल्यासारखं करायचो. ती अर्धी पोळी पेशंटची होती हे आम्हाला कळत होतं, आणि बाई उपाशी आहे हेही कळत होतं.

खोलीची सुरुवात कशी झाली ते तुमच्यापैकी ज्येष्ठांना आठवत असेल. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. लोकल जागच्या जागी थांबल्या. रुळांवरून, कमरेएवढ्या पाण्यातून चालत माणसं रात्रभर ठाण्याकडे येत होती. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी कुणाला न विचारता चर्चचं दार उघडलं. बाकांवर माणसं झोपली, वेदीसमोरच्या सतरंजीवर लहान मुलं झोपली. पाळकीणबाईंनी पहाटे तीनला कोरा चहा केला, कारण दूध संपलं होतं. चार दिवसांनी सगळे गेले, पण एक कुटुंब राहिलं. त्यांचा मुलगा दवाखान्यात होता आणि त्यांना जायला जागा नव्हती. त्यांना हॉलमागची सामानाची खोली मोकळी करून दिली. ते गेले तेव्हा दुसरे आले. ठराव कधी झालाच नाही. आज तुम्ही म्हणता की त्या खोलीच्या वापराला कमिटीची लेखी मंजुरी नव्हती. खरं आहे, नव्हती. पण वीस वर्षं ज्या कमिट्या आल्या त्यातल्या प्रत्येकीने कापणीच्या सणाच्या लिलावातून त्या खोलीसाठी काहीतरी काढून ठेवलं. तो चाळीस लिटरचा तोप कुठून आला? एका वर्षी सणाला आलेला एक तांबडा भोपळा सहा वेळा लिलावात फिरला. जो घ्यायचा तो परत अर्पण करायचा. त्या पैशांतून तोप आला. ही मंजुरी नाही तर काय आहे?

आता कामाबद्दल. डबे सगळ्यांना दिसतात, म्हणून मंडळीत बऱ्याच जणांना वाटतं की खोली म्हणजे खिचडी. शनिवारचं काम दिसत नाही, ते जरा सविस्तर सांगते.

शनिवारी दहा ते एक आपल्याकडे कागदपत्रांचं टेबल लागतं. त्यावर तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आपले एक सभासद बसतात. गेल्या पावसाळ्यात मोखाड्याकडची एक बाई आली. नवऱ्याचं मांडीचं हाड मोडलेलं, ऑपरेशन करायचं होतं. जीपने कसारा, कसाऱ्याहून लोकलने ठाणे, असं करून ती मागून आली होती. तिच्याकडे एक नायलॉनची पिशवी होती आणि त्यात घरातले होते नव्हते तेवढे सगळे कागद, लाइट बिलापासून लेकराच्या लसीच्या कार्डापर्यंत. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंतचा उपचार मोफत होतो, हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. पण नवऱ्याचं आधारावरचं नाव एक आणि रेशन कार्डावरचं नाव दुसरं, घरात हाक मारतात ते. दवाखान्यात या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राने कागद परत दिले. त्याचंही चुकलं नव्हतं, नाव जुळल्याशिवाय त्याचं काम पुढे सरकत नाही. तिला एवढंच कळलं की गावी जाऊन काहीतरी आणायचं आहे. काय आणायचं ते कळलं नव्हतं.

ती टेबलाच्या कोपऱ्याला धरून उभी होती. बसा म्हटलं तरी बसेना. कचेरीत बसायचं नसतं, ही सवय. शेवटी आपले कारकूनसाहेब स्वतः उठून उभे राहिले आणि म्हणाले, ‘मावशी, तुम्ही बसल्याशिवाय मी लिहायला घेणार नाही.’ तेव्हा ती खुर्चीच्या कडेवर टेकली. त्यांनी पिशवीतले कागद एकेक करून टेबलावर मांडले, कामाचे एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला. स्वयंघोषणापत्र लिहून तिला वाचून दाखवलं. गावच्या ग्रामसेवकाला फोन लावला. तिसऱ्या वेळी लागला. दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचा दाखला फोनवर मागवून घेतला, आणि आपल्या रविवारशाळेतली एक मुलगी पळत जाऊन तो छापून घेऊन आली. पुढच्या आठवड्यात मंजुरी आली. ऑपरेशन झालं. जाताना तो माणूस आपल्या खोलीतून वापरायला दिलेला वॉकर घेऊन गेला.

साहेब, या कामाला पैसे किती लागले? छपाईचे पाच रुपये आणि एक चहा. लागला तो एका जाणत्या माणसाचा पाऊण तास. वार्षिक देणगीचा चेक कितीही मोठा फाडला तरी त्यात हा पाऊण तास येत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

हेच निराधार योजनेचं. विधवा बाईला संजय गांधी योजनेतून महिन्याला 1500 रुपये मिळू शकतात. पण त्यासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला लागतो, रहिवासी पुरावा लागतो, नवऱ्याचा मृत्यूचा दाखला लागतो. लोकमान्य नगरच्या डोंगराच्या कडेला भाड्याने राहणाऱ्या, घरोघरी धुणीभांडी करणाऱ्या बाईने खाडे करून किती वेळा कचेरीत जायचं? एक खाडा म्हणजे चार घरचे पैसे कापले जातात. आपल्या महिला मंडळातल्या दोघी तिच्या बदली रांगेत उभ्या राहतात, आणि खिडकीपाशी नंबर आला की तिला फोन करतात.

आणि क्षयरोगाचे पेशंट. यावर मी नर्स म्हणून बोलते. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन वाढतं, माणसाला वाटतं आपण बरे झालो, आणि बरेच जण तिथेच गोळ्या सोडतात. सरकार पोषणासाठी महिन्याला 500 रुपये देत होतं, नोव्हेंबर 2024 पासून ते 1000 केले. चांगली गोष्ट आहे. पण ज्याचं खातं आधारशी जोडलेलं नाही त्याचे पैसे लटकतात, आणि पैसे आले तरी गोळ्या घेतल्या का हे पैसे विचारत नाहीत. आपला एक रिक्षावाला भाऊ तीन घरी अंडी आणि भाजके चणे पोचवतो. त्याला मी शिकवलं आहे, पिशवी दारात ठेवून निघायचं नाही. आत जायचं, पाणी मागायचं, पाणी पिताना गोळ्यांची पट्टी कुठे आहे ते विचारायचं आणि किती जागा रिकाम्या आहेत ते मोजायचं. रिकाम्या जागा कमी दिसल्या तर संध्याकाळी मला फोन. टीबी झालेल्या माणसाच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, म्हणून तो ते मुद्दाम पितो.

रक्तदात्यांच्या यादीबद्दल दोन वाक्यं पुरेत. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि बाईला चार महिन्यांनी रक्त देता येतं, म्हणून वहीत प्रत्येकाच्या नावापुढे शेवटची तारीख आणि रक्तगट लिहिलेला आहे. रात्री फोन आला तर कुणाला उठवायचं हे शोधावं लागत नाही.

आता तुमची कारणं. ती सूचनेत नव्हती, पण आपल्यापैकी वेगवेगळ्या पंचांशी बोलताना मला वेगवेगळी कळली. एकेकाला उत्तर देते.

पैशांचं कारण सगळ्यात आधी, कारण ते खरं आहे. हॉलचं छत दोन पावसाळे गळतं आहे. मी स्वतः गच्चीवर जाऊन पाहिलं आहे, पाणी साचतं त्या जागी स्लॅब फुगला आहे. हॉल दुरुस्त करून समारंभांना भाड्याने दिला तर उत्पन्न येईल, हे मला मान्य आहे. आपल्या मुलांच्या लग्नांनाही तो लागतो. पण नकाशात आपल्या खोलीच्या जागी ‘केटरर्ससाठी पॅन्ट्री’ असं लिहिलेलं मी पाहिलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. समारंभ असतात शनिवार-रविवारच्या संध्याकाळी. डबे असतात मंगळवार आणि शुक्रवारी सकाळी, कागदांचं टेबल शनिवारी दुपारी एकला उठतं. दोन्ही कामं एका छताखाली होऊ शकतात का, हे कुणी आम्हाला विचारलं असतं तर आम्ही वेळापत्रक काढून दिलं असतं. छतासाठी लिलाव ठेवा, आम्ही दारोदार फिरू. स्वयंसेवकांनी कधी अंग चोरलेलं नाही.

दुसरं कारण, आधी आपली माणसं. आपल्याच मंडळीत आजारी आहेत, बेकार आहेत, मग बाहेरच्यांवर श्रम का, असं एका पंचांनी मला विचारलं आणि बायबलमधलं विश्वासाच्या घराण्याचं वचन दाखवलं, की सर्वांचे आणि विशेषतः या घराण्यातल्यांचे बरे करावे. भाऊसाहेब, त्या वचनात ‘सर्वांचे’ हा शब्द आधी येतो आणि आपल्या घराण्याचा नंतर. शिवाय आपल्या माणसांना खोली बंद होती असं कधी झालं? वहीत पाहा. फाउलर कॉट, म्हणजे डोक्याकडून उचलता येणाऱ्या दवाखान्यातल्या खाटा, गेल्या वर्षी ज्या घरांत गेल्या त्यात आपल्या मंडळीची घरं आहेत. मंडळीतल्या माणसाला मदत घ्यायला जास्त लाज वाटते, म्हणून त्यांच्या घरी सामान रात्री पोचवलं जातं आणि रविवारी त्याबद्दल कुणी बोलत नाही. ते तुम्हाला दिसलं नसेल तर आम्ही ते नीट केलं, असं मी समजते.

तिसरं कारण कुणी मोठ्याने बोललं नाही, पण मला वाटतं तेच मुख्य आहे. भीती. दिवस बरे नाहीत, चर्चमध्ये परकी माणसं येतात, उद्या कुणी म्हणालं की अन्न देऊन धर्म बदलता, तर काय करायचं? ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. माझा मुलगाही मला हेच म्हणतो. पण खोलीचा नियम पहिल्या दिवसापासून काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. डब्याबरोबर पत्रक द्यायचं नाही. कुणी स्वतःहून म्हटल्याशिवाय प्रार्थना करायची नाही. जात-धर्म वहीत लिहायचा नाही. कुणाचा फोटो काढायचा नाही, देणगीदाराने मागितला तरी नाही. एका वर्षी एका उत्साही तरुणाने डब्यांच्या पिशवीत पुस्तिका घातल्या, तेव्हा त्या मी माझ्या हातांनी बाहेर काढल्या आणि त्याला समजावलं की भुकेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही, म्हणून त्याला तेव्हा विचारायचंच नाही. हा नियम मोठ्या अक्षरांत दारावर लावा, मराठीत आणि हिंदीत. वही उघडी ठेवा, ज्याला बघायची त्याने बघावी. दार लावून घेतलं की आत काय चालतं अशी शंका वाढते. उघडं असलं की शेजारीच साक्षीला असतात.

शेजाऱ्यांवर माझा विश्वास का आहे, तेही सांगते. मे 2020 मध्ये माजिवड्याहून नाशिक महामार्गाने माणसं चालत निघाली होती, डोक्यावर बोचकी, कडेवर मुलं, उत्तर प्रदेश-बिहारकडे. आपण तिथे पाणी आणि पुरी-भाजीची पाकिटं घेऊन उभे राहिलो. टेबलं कुणाची होती? आपल्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची. ते त्यांच्या टेंपोतून घेऊन आले आणि त्यांची मुलं आपल्या मुलांबरोबर रात्री दोनपर्यंत उभी होती. त्या उन्हात एका माणसाच्या चपलेचा अंगठा तुटला होता आणि त्याने पायाला गोणपाट बांधलं होतं. मंडळाच्या एका कार्यकर्त्याने स्वतःच्या पायातल्या चपला काढून त्याला दिल्या आणि तो अनवाणी घरी गेला. ही माणसं आपल्यावर आरोप करणार आहेत का? तुम्ही त्यांना एकदा विचारलंत का?

आणि ठाण्यात आपण काल आलेलो नाही. चौदाव्या शतकातला प्रवासी ओदोरिक याने लिहून ठेवलं आहे की ठाण्यात तेव्हा नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. 1321 मध्ये आलेले फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले हा इतिहास आपल्याला पाठ असतो. पण त्याआधी परक्या भाषेच्या, परक्या पंथाच्या त्या वाटसरूंना उतरायला जागा दिली ती या पंधरा घरांपैकी एकाने. त्या घरातल्यांचं नाव कुठे उरलं नाही. आपल्या शहरातल्या ख्रिस्ती माणसांची इतकी जुनी नोंद आहे, आणि ती घरात घेतल्याची आहे. पंडिता रमाबाईंचं नाव आपण दरवर्षी महिला रविवारी घेतो. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात स्वतः गेल्या आणि उपाशी मुली-विधवांना आपल्याबरोबर घेऊन आल्या. त्यांनी देणगी पाठवून काम भागवलं असतं, तर केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं नसतं.

आमच्याही चुका आहेत, त्या लपवत नाही. फाटक रात्री दोनदा उघडं राहिलं. दवाखान्यातल्या नातेवाईकांनी कंपाउंडच्या भिंतीवर कपडे वाळत घातले, त्यावरून रविवारी सकाळी बोलाचाली झाली. गॅस सिलिंडरचा हिशेब मागच्या वर्षी तीन महिने नीट लिहिला गेला नाही, तो माझा दोष आहे आणि मी तो आता पूर्ण करून ठेवला आहे. हे सगळं दुरुस्त होण्यासारखं आहे. तुम्ही बोलावलं असतं तर एका बैठकीत मिटलं असतं.

तेव्हा आमच्या मागण्या अशा आहेत. खोलीचं कुलूप पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारच्या आत काढावं. दुरुस्तीचं काम चालू असताना तोप, शेगडी आणि डब्यांसाठी पाळकबंगल्याच्या मागच्या पडवीत जागा द्यावी. तिथे नळ आहे. हा निर्णय सर्वसाधारण सभेसमोर आणावा आणि स्वयंसेवकांना, सभासद नसलेल्यांनाही, तिथे बोलू द्यावं. मत नको, बोलणं पुरे. नकाशातली पॅन्ट्री दुसरीकडे हलवता येते का हे आर्किटेक्टला विचारावं. हॉलच्या पश्चिमेला जिन्याखाली जागा आहे. वार्षिक देणगी तुम्हाला द्यायची असेल तर जरूर द्या, पण खोलीच्या ऐवजी देऊ नका. स्वयंसेवकांमधून दोन माणसं, त्यांपैकी एक बाई, कमिटीच्या बैठकीला बोलवत जा. खोलीचे नियम आणि रात्रीच्या फाटकाची जबाबदारी लेखी ठरवा. मी पहिली सही करीन. आणि या पत्राचं उत्तर लेखी द्या, कारण आमच्याकडेही उत्तर मागणारे लोक आहेत.

पाळकसाहेब, तुम्ही आमच्याकडे येऊन दोनच वर्षं झाली आहेत. तुमच्यावर कमिटीचा किती भार आहे याची मला कल्पना आहे. एकदा शनिवारी सकाळी येऊन टेबलाशेजारी तास-दोन तास बसा, एवढंच तुम्हाला वेगळं सांगणं आहे. भाषण नको, प्रार्थनाही नको. नुसतं बसा.

नोंदवही कुलपाआड गेली नाही, ती माझ्या पिशवीत होती. तीनुसार पाच वॉकर आणि एक फाउलर कॉट अजून लोकांच्या घरी आहेत. त्यातला एक वॉकर सावरकर नगरच्या आजोबांकडे आहे आणि तो येत्या शनिवारी परत यायचा आहे. त्यांचा नातू तो रिक्षात घालून आणेल. म्हणून शनिवारी दहा ते एक मी फाटकाजवळ खुर्ची टाकून बसणार आहे, कुलूप असलं तरी.

आपली नम्र,
मंडळीची एक सभासद, निवृत्त परिचारिका
ठाणे